हाऊच शे!

आमच्या शेजारच्या नानांनी माझा दोनदा खून केला आहे. एकदा शिकरणात विष घालून आणि एकदा गच्चीवरून ढकलून. दुसऱ्या वेळी मी तक्रार केली, तेव्हा म्हणाले, "ताई, पहिल्या पुस्तकात तुम्ही फार लवकर मेलात. वाचकांना चुटपुट लागली होती."

जळगावच्या आमच्या कॉलनीत नानांशी ज्याचं वाजलं, तो पुढच्या पुस्तकात मेलाच म्हणून समजा. त्यांच्या फाटकासमोर स्कूटर लावणारे गृहस्थ तर पहिल्याच प्रकरणात गेले. स्कूटरही जळाली. मी सोसायटीची सेक्रेटरी. पाण्याच्या वेळा ठरवणारी. तेव्हा दोनच खुनांवर भागलं, हे नशीबच.

नाना निवृत्त हेडक्लार्क. त्यांचा आवडता नायक गुप्तहेर मार्तंड. हा मार्तंड काही नानांचा नव्हे. दुसऱ्याच एका लेखकानं तो फार पूर्वी जन्माला घातला होता आणि एस.टी. स्टँडवरच्या प्रत्येक स्टॉलवर तो दोरीला लटकलेला असायचा. नाना प्रत्येक पुस्तकातल्या चुका काढून पुण्याच्या प्रकाशकाला कळवत. ते लेखक वारल्यावर वैतागलेल्या प्रकाशकानं उलट विचारलं, "मग तुम्हीच लिहिता का?" नानांनी लगेच होकार कळवला.

प्रकाशकाच्या अटी सोप्या होत्या. मार्तंड मलबार हिलवर राहतो, लग्न करत नाही, हसत नाही आणि काळा ओव्हरकोट घालतो. पण नाना मुंबईला गेलेले एकदाच, तेही लग्नाला. त्यामुळे त्यांच्या मुंबईत जळगावचा मे महिना असायचा. मूळ लेखकाच्या मार्तंडनं एकाही पुस्तकात कोट उतरवला नव्हता. नानांचा मार्तंड दर प्रकरणात कोट काढून खुंटीला अडकवायचा आणि माठातलं पाणी प्यायचा. मलबार हिलवर कळण्याची भाकरी आणि भरीतही मिळू लागलं. एकदा तर बंद खोलीचं दार फोडून प्रेतापाशी धावत गेलेला मार्तंड चक्क अहिराणीत म्हणाला, "काय व्हयनं?" ते तसंच छापून आलं. वाचकांनी विचारलं, तेव्हा नानांनी कळवलं की मार्तंडला सर्व भाषा येतात.

मजकूर पुण्याला जाण्याआधी माझ्याकडे यायचा. मला अव्यवस्था बघवत नाही, म्हणून मीच ते काम मागून घेतलं होतं. पेन्सिल घेऊन बसायचे. मार्तंडच्या गालावरचा व्रण डावीकडून उजवीकडे गेला की मी तो जागेवर आणायचे.

"नाना, हे सावकार इथे चहा पितायत. ते मेलेत."

"पुरावा काय?"

"तुमचंच दुसरं प्रकरण."

"पुरावा काय?" हे नानांचं पालुपद. दूधवाला म्हणाला, दूध ताजं आहे, तर पुरावा काय? पाहुणे म्हणाले, पोटभर जेवलो, तर पुरावा काय?

या प्रश्नाला जगात एकच माणूस भीत नव्हता. अक्का. नानांची बायको. दोघंही मूळची साक्रीकडची. नाना आमच्याशी कचेरीतलं मराठी बोलत, अक्का मात्र सगळ्यांशी अहिराणीच. त्यांना वाचता बेताचंच यायचं. नाना लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवत आणि अक्का डाळ निवडत ऐकत. तिसऱ्या प्रकरणाच्या आसपास, मान वर न करता, त्या म्हणत, "हाऊच शे."

म्हणजे हाच आहे. खुनी हाच.

"पुरावा काय?" नाना ओरडत.

"मना जीव सांगस."

माझा जीव सांगतो, एवढाच पुरावा. आणि तोच असायचा. त्या दिवशी नाना जेवत नसत. खुनी बदलून पाहिला, बाई घातली, साधू घातला, खुद्द फौजदार घातला. उपयोग शून्य. एकदा महिनाभर खपून त्यांनी जुळ्या भावांचं कोडं रचलं. अक्कांनी डाळीतला खडा बाजूला टाकला आणि विचारलं, "त्याले भाऊ शे का?"

"ताई, एकदा," नाना मला म्हणायचे, "फक्त एकदा हिला फसवायचंय. मग लेखणी खाली ठेवली तरी चालेल."

आणि एका हिवाळ्यात ते घडलं. नाना पेढ्यांचा पुडा घेऊन कॉलनीभर फिरले. "फसली! शेवटच्या पानापर्यंत कळलं नाही तिला!" मारलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना त्यांनी पेढे दिले. पुढच्या पुस्तकालाही अक्का फसल्या. तेव्हा पेढे आले नाहीत. तोवर अक्कांनी भरतात साखर घातली होती, आणि माझ्याच फाटकाशी उभ्या राहून मला विचारलं होतं, "कोणाकडे जानं शे, बाई?"

नाना त्यांना धुळ्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवून आले. विसरणं आता वाढतच जाईल, असं डॉक्टर म्हणाले. नानांनी तिथे पुरावा मागितला नाही.

त्यानंतरचा मजकूर माझ्या हातात आला आणि मी पेन्सिल खालीच ठेवली. पहिल्याच पानावर एक लंगडा, काणा माणूस सुरा पुसत उभा होता. नाव, काळोजी.

"नाना, खुनी पहिल्याच पानावर कळतो."

"हो."

"म्हणजे, कोणालाही कळेल."

"कळायला हवा ना," नाना म्हणाले आणि आत अक्का काय करतायत ते बघायला गेले.

वाचकांनी शिव्या घातल्या. पुढचं पुस्तक आणखी सोपं निघालं. रहस्य नसेल तर मार्तंड दुसऱ्या लेखकाकडे देऊ, असं प्रकाशकानं स्पष्ट कळवलं. मी नानांना म्हटलं, "नाना, दोन मजकूर करू. एक पुण्याला, एक घरी." मला तरी तो व्यवहारी तोडगा वाटला.

"दोन लिहायला वेळ कुठे आहे, ताई? आता तिला रोज नवीन लागतं."

मार्तंड नागपूरच्या कोणा लेखकाकडे गेला. तिकडच्या उन्हाळ्यातही त्यानं पुन्हा ओव्हरकोट चढवला. स्टॉलवर पुस्तक दिसलं की नाना मान वळवून घेत. पण ओट्यावरचं त्यांचं वाचन थांबलं नाही.

परवा दुपारी मी भरीत द्यायला गेले. नाना वाचत होते. अक्कांच्या मांडीवरच्या सुपात डाळ होती, पण बोटं हलत नव्हती. नाना थांबले. अक्कांकडे पाहिलं. 

"आणि काळोजीच्या सदऱ्यावर," नाना पुढे म्हणाले, "रक्ताचा डाग होता."

अक्का सुपाकडेच बघत होत्या.

"मोठा डाग होता. हातात सुरा होता. सुऱ्यावरही रक्त होतं."

मी नानांच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं. तो कधीच संपला होता. खाली निम्मं पान कोरं होतं.

"मार्तंडनं विचारलं, खून कोणी केला?" नानांचा आवाज बारीक झाला. "काळोजी म्हणाला... म्हणाला, मीच केला."

 मग सूप हललं. अक्कांनी एक खडा बाजूला टाकला.

"हाऊच शे!"

"पुरावा काय?" नाना ओरडले. अगदी पूर्वीसारखे.

"मना जीव सांगस."

नानांनी कपाळावर हात मारून घेतला. "हरलो! पुन्हा हरलो! ताई, बघा, हिनं पुन्हा ओळखला." मग माझ्याकडे वळून, डोळे न पुसता, त्यांनी विचारलं, "तुम्हाला कळलं होतं का हो?"

"छे, नाना," मी म्हणाले. "मला तर शेवटपर्यंत कळलं नाही."