सासऱ्यांचा नाच मोबाइलात

डीव्हीडीतून व्हिडिओ काढणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! ऑफिसात प्रिंटर रुसला की साहेबसुद्धा मलाच हाक मारतात. त्यामुळं सासूबाईंनी विषय काढला तसा मी छाती फुगवून म्हणालो, "मामी, चहा होईस्तोवर देतो करून!"

तो दुष्काळाचा उन्हाळा. गावी पाचोडला बोअर आटला म्हणून सुगंधाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुंडलिकनगरात आमच्याकडं आल्या होत्या. (आमचा बोअर त्याच्याही आधी आटला होता, पण ते सांगायची हिंमत कुणाची?) येताना त्यांनी आमच्या लग्नाची डीव्हीडी आणली होती. सासरे खंडेराव आदल्या साली वारले होते. हलतेचालते मामा उरले ते फक्त त्या चकतीत, ढोलावर रुमाल उडवत नाचताना. आणि चकती आता अडकायला लागली होती.

"तेवढा नाच मोबाइलात टाका," मामी म्हणाल्या. "उद्या वर्षश्राद्धाला गावाकडं जायचंय. समद्यांना दाखवीन."

चकती आत घातली. कॉम्प्युटर दमेकऱ्यासारखा घरघरला आणि वाचता येत नाही म्हणून मोकळा झाला! मग मी तिला टूथपेस्ट लावून घासायला बसलो.

"अहो, दात घासताय का तिचे?" माझी बायको रत्नमाला ओरडली. "धुवायला पाणी नाय मिळायचं, सांगून ठेवते!"

टॉवेलनं पुसली. वाचली! पण कापाकापीच्या सॉफ्टवेअरला त्या फाइली पचेनात. आधी त्यांचं रूपांतर करा म्हणे. मी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं. हिरवी पट्टी बाजारातून परतणाऱ्या म्हशीसारखी सरकू लागली. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. मध्येच लाइट गेली! पुन्हा पहिल्यापासून. चहा कधीच झाला होता, जेवणंही झाली.

पट्टी अगदी काठाला आली आणि खाली टँकरचा हॉर्न!

"रत्नमाला, इथं बस! हलू नको!" मी पाइप घेऊन जिन्यावरून सुटलो.

टँकरवाला फकिरा घाईतच होता. त्यानं नळी सोडली, माझा ड्रम भरला, पाणी रस्त्यावर वाहायला लागलं. तेवढ्यात वरून गॅलरीतून बायको: "अहो, कॉम्प्युटरवर पाटी आलीय! चालू ठेवू का बंद करू?"

मी फकिराकडं बघून बोंबललो, "बंद कर! बंद कर लवकर!"

फकिरानं केलं. बायकोनंही केलं.

वर जाऊन पाहतो तो पडद्यावर लग्न नाही, वरात नाही, काहीच नाही!

"तुम्हीच म्हणालात!"

"मी फकिराला म्हणालो!"

"मग माझ्या प्रश्नाचं उत्तर त्याला कशाला देता?"

पुन्हा पहिल्यापासून. आता मी खुर्चीला डिंक लावल्यासारखा चिकटलो. संध्याकाळी रूपांतर संपलं, नाच कापला आणि न बघताच मामींच्या मोबाइलात टाकला. घाई!

मामी डोक्यावर पदर घेऊन बसल्या. ढोल वाजला. मामा आले. आणि बरोबर त्यांच्या तोंडावर ही भलीमोठी अक्षरं: ट्रायल व्हर्जन!

मामींनी पदरानं काच पुसली. पुन्हा पुसली.

"हे काय लिवलंय ह्यांच्या तोंडावर?"

"ते... सॉफ्टवेअरवाल्याचं आहे, मामी. फुकट वापरलं ना."

मामी काचेवर खाली बघत राहिल्या. अक्षरांच्या खाली मामांचे पाय दिसत होते, धुळीत, ढोलाच्या ठेक्यावर.

"पाय तेच हायेत," त्या हळूच म्हणाल्या. "लई नाचायचे." मग बोट काचेच्या कडेला नेलं. तिथं घोड्यावर फेटा घालून, तोंड उघडं टाकून मी बसलो होतो. स्वच्छ, लखलखीत!

"जावईबापू, तुमचं तोंड काय, रोजच दिसतंय. ती अक्षरं तेवढी तुमच्यावर सरकवा की!"

रत्नमाला तोंडात पदर कोंबून आत पळाली. मी मुकाट्यानं पुन्हा कॉम्प्युटर लावला. अक्षरं काही हलली नाहीत. मोबाइलातली वरात घेऊन जाणारी सकाळची एसटी मात्र वेळेवर हलली, आणि पाचोडात सगळ्यांनी मामांऐवजी जावयालाच बघितलं म्हणे!