गोकुळची कंबर आणि शिवहरीचा पाय

"एवढ्याशा कट्ट्याले शिवहरी कायले पाह्यजे? मी उचलतो!" गोकुळनं सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं जाहीर केलं आणि तिथंच घात झाला!

खामगावात गोकुळचं कॉम्प्युटरचं दुकान. सकाळी खुर्चीत बसला की थेट संध्याकाळी उठायचा, तोही कंबर धरून. वय अवघं सत्तावीस! डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळ्या घ्या, रोज चाला, थोडा व्यायाम करा. त्यातल्या गोळ्या त्यानं इमानदारीनं घेतल्या.

शेजारचा शिवहरी पोलीस भरतीच्या तयारीत. पहाटे पळायचा, जोर मारायचा. गोकुळची नवी नवरी सुवर्णा महिनाभरातच त्याच्या नावाचा जप करायला लागली होती. सिलिंडर आला, बोलवा शिवहरीभाऊले! कपाट सरकवायचं, बोलवा शिवहरीभाऊले! गोकुळचा नुसता जळफळाट व्हायचा. 'किती ताकदीचे हाय हो तुम्ही!' हे त्याला तिच्या तोंडून एकदा, फक्त एकदा ऐकायचं होतं.

म्हणून त्यानं अंगणातल्या गव्हाच्या कट्ट्याला, म्हणजे भरल्या पोत्याला, मिठी मारली आणि हिसका दिला. कट्टा जागचा हलला नाही. कमरेत मात्र कट्‌कन वाजलं आणि गोकुळ वाकला तसाच अडकला! नेमका त्याच वेळी शिवहरी समोर येऊन उभा.

"अरे अरे, गोकुळभाऊ! पाया काऊन पडून राह्यले? मी लहान हाओ तुमच्याहून!"

"पाया नाही पडून राह्यलो बे! कंबर धरली!"

गोकुळची आई वच्छलाबाई धावत बाहेर आल्या. "उसण भरली वं माय! पायाळू माणूस पाहा कोणी!"

जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्याची लाथ बसली की उसण पळते, अशी आपल्याकडची समजूत. शिवहरी लाजत म्हणाला, "काकू, मी पायाळूच हाओ."

घ्या! साऱ्या खामगावात दुसरा कोणी नव्हता!

"मी दवाखान्यात जातो!" गोकुळ ओरडला.

"असे वाकून? ऑटोत मावसान तरी का?" सुवर्णा म्हणाली.

गल्ली गोळा झाली. शिवहरीनं चप्पल काढली, गोकुळला नमस्कार केला आणि कमरेवर हळूच लाथ टेकवली. लाथेनं म्हणा की लाजेनं म्हणा, कंबर चटकन सुटली! गोकुळ सरळ होणार, तेवढ्यात त्याला सुवर्णा दिसली. कौतुकानं बघत होती, पण शिवहरीकडं! आता ताठ झालो तर जन्मभर या पायाचे पोवाडे ऐकावे लागतील, या विचारानं गोकुळचं डोकं भणभणलं. तो पुन्हा वाकला आणि जोरात कण्हला.

"काहीच फरक नाही! सगळं थोतांड हाय!"

सुवर्णाच्या डोळ्यांत पाणी आलं. बिचारीला खरंच काळजी वाटत होती.

"शिवहरीभाऊ, पहिली लई हळू बसली. अजून एक हाणा. चांगली पळत येऊन!"

शिवहरी आज्ञाधारक. तो गल्लीच्या टोकाशी गेला, पँट वर खोचली आणि भरतीच्या मैदानावर सुटावा तसा सुटला.

"थांब बे! झालो बरा!" गोकुळ ताडकन उभा राहिला आणि गव्हाचा कट्टा एका उडीत ओलांडून घरात पळाला.

दाराआडून त्याला सुवर्णाचा आवाज ऐकू आला.

"पाह्यलं आई? लाथ लागलीही नाही, तरी बरे झाले! किती ताकदीचे हाय हो शिवहरीभाऊ!"