साहेबांकडून सही कशी घ्यावी

साहेबांनी बाईंची रजा अडवून धरली होती. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत बाई साहेबांच्या सेक्रेटरी. लेकीचे दिवस भरत आले होते आणि बाईंना महिनाभर तिच्याकडे जायचं होतं. साहेबांचं एकच पालुपद, तुमच्यावाचून काम अडता कामा नये. कंपनीने नुकतीच एक ऑनलाइन सोय घेतली होती. ज्याला जे ठाऊक आहे ते त्याने तिथे एका पानावर लिहायचं, म्हणजे माहिती एकाच्याच डोक्यात अडकून राहत नाही. बाईंनी आपल्या डोक्यातलं सगळं तिथे उतरवलं की रजा मंजूर.

आता बाईंच्या डोक्यात होतं काय? साहेब. इतक्या वर्षांत दुसरं काही साठायला जागाच उरली नव्हती. त्यांनी इमानेइतबारे लिहायला घेतलं. लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर नसेन, म्हणून लिहून ठेवते आहे, असं सुरुवातीलाच सांगितलं आणि मग मुद्द्यावर आल्या. सही हवी असेल तर अकराच्या आत जाऊ नये. गेल्यावर आधी खिडकीतल्या झाडाची चौकशी करावी. साहेब "बघू" म्हणाले म्हणजे नाही. चष्मा सापडत नसेल तर तो त्यांच्या डोक्यावर असतो, पण तसं तोंडावर सांगू नये, जरा शोधल्यासारखं करावं.

हे पान बदलीवर येणाऱ्या मुलीपुरतंच आहे, अशी बाईंची समजूत. प्रत्यक्षात तिथलं प्रत्येक पान सगळ्या कंपनीला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांच्या दाराशी ही रांग. हिशेबनीस, विक्रीवाले, गोदामवाला, सगळे झाडाच्या काळजीने व्याकूळ. एकाने तर खताची पिशवी आणली होती. साहेब खुलले. दुपारपर्यंत कधीच्या रखडलेल्या फायली मोकळ्या झाल्या, आणि ज्याची सही झाली तो उपकाराची जाण ठेवून पानावर आपल्या अनुभवाची भर घालू लागला. साहेब चिडले की आपण खिडकीबाहेर बघावं, थोड्या वेळाने तेही बघतात, असं गोदामवाल्याने लिहिलं. ते वाचल्यावर पान सगळ्यांनाच दिसतंय हे बाईंच्या लक्षात आलं. त्यांनी घाईघाईने पान काढून टाकलं. त्याबरोबर बाईंनी पान काढल्याची सूचना सगळ्यांना गेली, साहेबांनाही, आणि कोणा भल्या माणसाने ते लगेच परत आणलं.

साहेबांनी आत बोलावलं. पान त्यांच्यासमोर उघडंच होतं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"चुकलंच, साहेब. त्या नव्या मुलीसाठी होतं ते."

साहेब बराच वेळ वाचत राहिले. राग नव्हताच, उलट डोळे ओलावले होते. "मला इतकं ओळखणारं माणूस महिनाभर गेलं तर कसं चालायचं, बाई? रजेचं बघू."

बाईंना याचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको होता.

"आमच्या घरी यातलं कोणाला काही ठाऊक नाही," साहेब पुढे म्हणाले. "एवढं आमच्या मंडळींना पाठवता येईल का?"

बाई जागेवर येऊन बसल्या. येतेस ना गं आई, असं लेक सकाळीच फोनवर म्हणाली होती. रडू आवरत त्यांनी साहेबांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, ईमेल टाकला. वहिनींना नुसती वाचायची मुभा द्यायची की लिहायचीही, असं संगणकाने विचारलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि लिहायचीही देऊन टाकली.

चहाच्या वेळेला सगळ्या ऑफिसात एकदम सूचना झळकली. पानावरच्या अगदी पहिल्या ओळीखाली वहिनींनी लिहिलं होतं, "बाळंतपण एका महिन्यात आटपत नाही. बाईंना दीड महिना द्यावा. तोवर यांच्याकडे मी बघते."

आतून हाक आली. अर्जावर सही झालेली होती, आणि महिन्याचा दीड महिना साहेबांनी स्वतःच्या हाताने केला होता. बाईंनी मनापासून आभार मानले. त्या दारापर्यंत पोहोचल्या तेवढ्यात साहेबांनी पडेल आवाजात विचारलं, "तिची ती लिहायची मुभा काढून घेता येते का हो?"

"येते की," बाई म्हणाल्या. "रजेवरून आले की काढते."