सामंतकाकांची कात्री

सामंतकाकांनी आमच्या कुकरची रिंग कात्रीने कापली, तेव्हा सासूबाई जेवायला येऊन बसलेल्या आणि डाळ अजून कच्ची होती.

"तारीख कुठाय यावर? तारीख नाही, पास नाही," काका म्हणाले.

"अहो, पण कापली कशाला?" माझी बायको रडकुंडीला आलेली.

"फेल माल अख्खा ठेवला की कुणीतरी पुन्हा वापरतं, सूनबाई."

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. मानपाड्याच्या एका कारखान्यात ब्रेकच्या रबरी नळ्या तपासण्यात काकांचा जन्म गेलेला. नळीवर तारीख हवी, दाबाखाली ती फुगता कामा नये, पाय घसरेल असं पेडल चालायचं नाही, हे सगळे नियम त्यांना परवच्यासारखे पाठ. "रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं," असं म्हणताना ते माझ्याकडे का बघत, कोण जाणे.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत त्यांची जुनी मोटार उभी असे. उभीच असे. काकूंना तिच्यातून माहेरी, देवगडला न्यायचं होतं. पण दर मे महिन्यात काहीतरी फेल. कधी नळीला चीर, कधी नव्या नळीवरची तारीख पुसट. काका नळी कापत, काकू भरलेली बॅग रिकामी करत.

नळी बदलली की आतली हवा काढावी लागते. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून हवा सोडायची. चाकाशी काका, पेडलवर काकू, चपला काढून.

"दाब! सोडू नकोस!"

"धरलंय हो! देवगड येईपर्यंत धरते!"

सगळी बिल्डिंग गॅलरीत उभी राहून हसायची.

काकू वारल्या, त्याच्या पुढच्या मे महिन्यात काकांनी मला हाक मारली. "जरा पेडल दाबतोस?"

नळ्या सगळ्या नव्या, तारखा ठळक. मी दाबलं आणि पाय सटकला. वाकून बघतो तर पेडलचं रबर गुळगुळीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला काकांची चूक सापडलेली! मी खिडकीतून ओरडलो, "काका, रबर फेल! काढा कात्री!"

काका उठून आले. कात्री त्यांच्या खिशातच होती.

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "तेवढं बदललं की गाडी पास."

"मग बदलू या की!"

"पास होऊन जायचं कुठे रे?"

मी पुन्हा खाली बघितलं. रबर सगळीकडे झिजलं नव्हतं. अनवाणी पावलाची बोटं टेकतील तेवढंच झिजलं होतं.

काका परत चाकाशी जाऊन बसले. "दाब."

मी दाबलं.

"नुसतं दाबू नकोस रे. सांग की."

"धरलंय, काका," मी म्हणालो.

मी पाय उचलला नाही.