डॉरीनच्या तळाची चीर

सासऱ्याची होडी आपण फोडली, हे सासऱ्याला कसं सांगायचं, या विचाराने ब्रेंटनची तीन रात्री झोप उडाली होती. तशी ती साधी ॲल्युमिनियमची होडी. पण सासऱ्याने, म्हणजे मर्वने, तिला आपल्या वारलेल्या बायकोचं नाव दिलं होतं, डॉरीन. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मर्व अ‍ॅडलेडला गेला आणि ब्रेंटनने बारामुंडी माशाच्या मोहात, न विचारता, ती नदीत नेली. पाण्याखालच्या खडकाने तिच्या तळाला परातीएवढा पोचा आणला आणि वीतभर चीर पाडली. मर्व रविवारी परतणार होता. ब्रेंटनने ठरवलं, सांगायचंच नाही.

डार्विन शहरातल्या निम्म्या होड्यांचं वेल्डिंग मॅनोली नावाच्या ग्रीक म्हाताऱ्याच्या हातचं होतं. त्याने लाकडी हातोडीने आतून ठोकून पोचा काढला आणि मग चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक पाडलं.

"अरे, चीर कमी पडली म्हणून भोकं पाडतोस?" ब्रेंटन किंचाळला.

"भोक नसलं तर चीर पुढे पळते. गप बस जरा. लोखंड तापलं की लाल होऊन सांगतं तरी. हे ॲल्युमिनियमचं बेणं काही सांगत नाही, एकदम..."

एकदम ज्योतीखालचा धातू वितळून खाली गळला. चिरेच्या जागी आता अंडं आरपार जाईल एवढं भगदाड होतं.

"बघ, तू बोललास!" मॅनोली म्हणाला.

मग भगदाडावर ठिगळ आलं. ठिगळावर रंग आला. तो रंग नवऱ्यामुलासारखा चमकायला लागला म्हणून ब्रेंटनने त्यावर ओला चिखल फासला. "आता होडीत पाणी भर आणि खाली थेंब पडतो का बघ. बघितल्याशिवाय नदीत घालू नकोस, मगरी वाट बघत असतात," असं बजावून मॅनोली गेला.

शनिवारी सकाळी ब्रेंटनने नळी हातात घेतली, तेवढ्यात फाटकाशी टॅक्सी थांबली. मर्व एक दिवस आधीच आला होता.

"काय रे, डॉरीनला आंघोळ घालतोयस?"

"धूळ बसली होती, मर्व."

"गुणाचा आहेस. चल, नदीवर जाऊ."

"पण तुमचा गुडघा..."

"बसून गळ टाकायला गुडघा कशाला लागतो?"

तासाभराने दोघं नदीच्या मध्यावर होते. मर्वने इंजिन बंद करून गळ टाकला. ब्रेंटनची नजर तळावरून हलत नव्हती. थोड्या वेळाने त्याचे मोजे ओले झाले. मग घोटे बुडाले. त्याने मान वर केली, तर काठावर ऊन खात पडलेली मगर जागेवर नव्हती.

"मर्व! मी फोडली! खडकावर घातली! मॅनोलीने जोडली, पण मी तपासलीच नाही! माफ करा, आपण बुडणार!"

मर्वने शांतपणे खिशातून होडीचं बूच काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. "मागच्या फळीच्या तळाशी पाणी काढायचं भोक आहे. बाहेरून बसव. माझा गुडघा वाकत नाही."

"पण मगर..."

"म्हणून तर लवकर बसव."

ब्रेंटनने डोळे मिटले, खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला आणि येत होती नव्हती तेवढी सगळी प्रार्थना म्हटली. बूच बसलं. हात सगळ्या बोटांसकट वर आला. पाणी चढायचं थांबलं. ठिगळ अगदी कोरडं होतं.

"बूच लावायचं विसरलात तुम्ही?" ब्रेंटनने बाही पिळत विचारलं.

"चाळीस वर्षांत एकदाही विसरलो नाही. काठावर तू ट्रेलरचे पट्टे सोडत होतास तेव्हा मीच काढलं. तीन आठवडे घरी उभ्या असलेल्या होडीला ओला चिखल? म्हटलं, बघू पोरगा आपणहून बोलतो का."

"आणि बुडलो असतो तर?"

"कसे बुडू? इंजिन चालू करून होडी जोरात पळवली की पाणी त्याच भोकातून मागे निघून जातं. हात घालायची गरजच नसते."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तू एवढा मनापासून कबुली देत होतास," मर्व गळाला नवं आमिष लावत म्हणाला, "मध्ये बोलणं बरं दिसलं नसतं."