अबोल्याचं वरण

"अहो, नीट ऐका. शिबिराला चाललात, तर बालाजीशी बोलूनच या. न्हाई बोललात, तर येतानी अंगणात झोपायला सतरंजी विकत घेऊन या, कारण मी दार उघडणार न्हाई!"

देविदासच्या बॅगेत टॉवेल कोंबता कोंबता सिंधूने हे जाहीर केलं. टॉवेल अशा काही जोराने आत गेला, की देविदासला वाटलं, टॉवेलच्या जागी आपलीच मान आहे.

"मी कुठं न्हाई म्हणलो?" तो पुटपुटला. "पण आधी त्यानं बोलावं. मी जावाई हाय."

"आन् त्यो म्हणतो, आधी दाजींनी बोलावं, ते मोठे हायेत. दोघंबी दुसरा नंबर लावायला तयार. पहिला नंबर काय मी लावू?"

बालाजी म्हणजे सिंधूचा धाकटा भाऊ, अहमदपूरला शाळामास्तर. चार वर्षं होत आली, त्याने नवीन घर बांधलं आणि घराच्या प्रार्थनेला दारात भलंमोठं फ्लेक्स लावलं. त्यावर चर्चच्या पाळकांचा फोटो होता, मामा-मावश्यांचे फोटो होते, नळजोडणी करणाऱ्या माणसाचाही काळा गॉगल लावलेला फोटो होता. नव्हता तो फक्त देविदासचा. देविदासने ते फ्लेक्स तीनदा वाचलं, दोनदा मागून पाहिलं, आणि न जेवता नांदेडची गाडी धरली. त्या दिवसापासून अबोला. तीन नाताळ सिंधूने माहेर पाहिलं नव्हतं. एकटी गेली तर आई कावेरीबाई दारातच विचारणार, "जावाई कुठं हायेत?" आणि दोघं मिळून गेले, तर नवरा आणि भाऊ दोन कोपऱ्यांत दोन पुतळे होऊन बसणार. अशा घरात करंजीसुद्धा घशाखाली उतरत नाही. आता चौथा नाताळ महिन्यावर आला होता.

नांदेड आणि अहमदपूर, दोन्हीकडच्या चर्चच्या मंडळ्यांतल्या पुरुषांचं हे तीन दिवसांचं शिबिर हदगावजवळ एका शेतावर भरलं होतं. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं, पत्र्याच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. बावीस पुरुष, एक पाळक आणि नियम तीन: बायका नाहीत, मोबाइल नाहीत, स्वयंपाक आपला आपण. पाळकसाहेब सुदर्शन यांनी सगळे मोबाइल एका कापडी पिशवीत घेतले आणि पिशवी उशाखाली ठेवली. मग त्यांनी कामांची यादी वाचली.

"दुसऱ्या दिवशी, दुपारचं वरण: देविदास आणि बालाजी."

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे उपासच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला चूल पेटली. दोघं चुलीच्या दोन बाजूंना बसले. मधे शेताचे राखणदार ग्यानोबा, कारण निरोप्याशिवाय हे काम होणं शक्यच नव्हतं.

"ग्यानोबा, त्यांना सांगा, डाळ धुवून झाली."

"मास्तर, डाळ धुवून झाली म्हणं."

"ग्यानोबा, त्यांना सांगा, मला डोळे हायेत."

"दाजी, त्यांला डोळे हायेत म्हणं."

असं तासभर चाललं. मग ग्यानोबांची म्हैस खुंटा उपटून शेजारच्या हरभऱ्यात घुसली आणि निरोप्या म्हशीमागे धावला. देविदासने मनाशी विचार केला, ह्या मास्तरला काय समजतंय मिठाचं? त्याने दोन मुठी मीठ टाकलं आणि लाकडं आणायला गेला. लसूण सोलून बालाजी परत आला. त्याने विचार केला, दाजी घरी पाणीसुद्धा हातानं घेत नाहीत, मीठ कुठून आठवणार? त्याने दोन मुठी टाकलं. म्हैस बांधून धापा टाकत ग्यानोबा आले. त्यांनी विचार केला, ही दोघं बोलत नाहीत, म्हणजे कुणीच टाकलं नसणार. त्यांनीही दोन मुठी टाकलं, आणि त्यांच्या मुठी तर शेतकऱ्याच्या.

देविदासने पळीभर वरण चाखलं. त्याचे डोळे पांढरे झाले. बालाजीने चाखलं. त्याने तोंडाला जो तांब्या लावला, तो रिकामा करूनच खाली ठेवला.

आता सिंधूला फोन लावला असता, तर एका मिनिटात उपाय निघाला असता. पण फोन पाळकांच्या उशाखाली! मग देविदासने आपल्या डोक्याने मार्ग काढला. बिनमिठाची डाळ शिजवून यात ओतायची. त्याने शेडच्या डाव्या बाजूला तीन दगड मांडले आणि डाळ चढवली. बालाजीही मास्तरच, त्यालाही डोकं होतं. त्यानेही उजव्या बाजूला तीन दगड मांडले. मधे शेड असल्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याला दिसला नाही. डाळ शिजल्यावर याने येऊन पातेलं ओतलं, त्याने येऊन पातेलं ओतलं. वरण वर आलं, उतू गेलं, शेवटी घमेल्यात काढून ठेवावं लागलं.

आणि आता ते अळणी झालं.

म्हणून देविदासने मीठ टाकलं.

आणि म्हणून बालाजीनेही टाकलं. मग पुन्हा डाळ, पुन्हा मीठ, असं चालूच राहिलं.

"माय वं!" ग्यानोबांनी चाखून कपाळाला हात लावला. "तुमी दोघं एकमेकाला इचारत कामून न्हाई? एका सवालाचं काम हाय! दोन पोती डाळ खपवून राहिले!"

तिकडे शेडमध्ये पाळकसाहेब अकरा वाजल्यापासून संयमावर बोलत होते. बाराला उपदेश संपायचा होता. जेवणाचा पत्ता नाही म्हणून त्यांनी तो एकपर्यंत वाढवला, मग दोनपर्यंत. अडीचला त्यांचाच संयम संपला आणि ते वीस भुकेल्या माणसांना घेऊन चुलीपाशी आले. समोर काय? ग्यानोबांनी गुऱ्हाळाची जुनी कढई काढून आणली होती, तिच्यात एक माणूस मांडी घालून बसला असता, आणि ती काठोकाठ भरली होती. बालाजी हळद टाकत होता. त्याची दाढीसुद्धा पिवळी झाली होती.

"हे कितीजणांचं?" पाळकांनी विचारलं.

"दीडशे तरी जेवतील," ग्यानोबा म्हणाले. "जरा खारं हाय. पण ज्वारीच्या भाकरीसंगं खारंच लागतंय. वरण तुमच्याकडं हाय, भाकरी आमच्या गावात हाय. बोलावू का गावाला?"

पाळकांनी आभाळाकडे पाहिलं, कढईकडे पाहिलं. "बोलवा. म्हणावं, प्रीतिभोजन हाय."

ग्यानोबा गावाकडे पळाले. बाकीचे पुरुष सतरंज्या उचलायला, पत्रावळ्या आणायला, हौदावर पाणी भरायला पांगले. चुलीपाशी उरले दोघंच. आणि तेवढ्यात कढईच्या बुडातून करपल्याचा वास आला.

सहा तासांची मेहनत! दीडशे माणसं वाटेवर! दोघांनी एकदमच ओली पोती कानांना गुंडाळली. पण कढई दोन माणसांनी एका दमात उचलायची म्हणजे कुणीतरी "हं" म्हणायला हवं, आणि "हं" म्हणणार कोण? दोघं एकमेकांकडे बघत वाकून उभे. एक क्षण गेला. वास वाढला.

"उचल रे, बाला!"

"दाजी, पाय जपून!"

दोन्ही आवाज एकाच श्वासात निघाले. कढई उचलली गेली, चार पावलं चालली आणि धप्पकन मातीत टेकली. वरण वाचलं. काय घडलं याचा विचार करायला कुणालाच सवड मिळाली नाही, कारण बांधावरून गाव यायला लागलं होतं. बायांच्या डोक्यावर भाकरीच्या टोपल्या, कुणाच्या हातात ठेचा, कुणाच्या ओच्यात कांदे. पंगती बसल्या. आणि पंगत वाढायची तर मुक्याने वाढता येते का?

"दाजी, बादली इकडं!"

"आलो! त्या आजीला भाकरी दे आधी!"

"दाजी, तुमच्या मागं पोरं राहिली!"

"दिसून राहिलीत, डोळे हायेत मला!"

सूर्य कलल्यावर शेवटच्या पंगतीला दोघं शेजारीशेजारी टेकले. भाकरी मोडता मोडता बालाजी म्हणाला, "दाजी, त्या फ्लेक्सचं सांगू का? माझ्याकडं तुमचा एकच फोटो हुता, आधार कार्डावरचा. त्यो लावला असता, तर तुमी चार वर्षं न्हाई, आठ वर्षं बोलला नसता."

देविदासला तो फोटो आठवला. तो इतका हसला, की ठसका लागला आणि बालाजीला त्याच्या पाठीत धपाटे घालावे लागले. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. मिरचीचा ठेचा लई तिखट हाय, असं त्याने सांगितलं, पण त्याच्या पानात ठेचा नव्हताच.

संध्याकाळी समेटाची सभा होती. पाळकसाहेबांनी तिच्यासाठी दोन दिवस तयारी केली होती, दोन मेहुण्यांची नावं वहीत लिहून रोज प्रार्थना केली होती. ते गंभीर आवाजात सुरू झाले, "बंधूंनो, आज आपल्यात असे दोघं आहेत, जे एकमेकांशी एक शब्द..."

"... मग गाळा विकला का न्हाई त्यानं?"

"कुठला विकतोय! भाव ऐकला का तुमी?"

"देविदास! बालाजी!" पाळक ओरडले. "जरा गप्प बसता का? तुमच्यासाठीच बोलून राहिलो ना मी!"

आपण काय बोललो हे पाळकांना जरा उशिराच समजलं. तोवर हसण्याने पत्रे हादरले होते. पाळकांनी वही मिटली आणि म्हणाले, "चला, प्रार्थनाच करू." चार वर्षं प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ आली, की देविदासला नेमका खोकला यायचा. आज त्याने ती ओळ सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटली.

तिसऱ्या दिवशी मोबाइल परत मिळाले. देविदासने सिंधूला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "सिंधू, नाताळाला अहमदपूरला जायचं. बॅगा भर!"

"ताई, मी आईला सांगतो, करंज्या जास्तीच्या कर म्हणून!" बालाजी मधेच ओरडला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि सिंधूने ओल्या आवाजात विचारलं, "पण आधी बोललं कोण?"

"मी!" देविदास म्हणाला.

"मी!" बालाजी म्हणाला.

"ए, मी आधी 'उचल' म्हणलो!"

"तुमच्या आधी मी 'दाजी' म्हणलो! खामखा श्रेय घेऊ नका!"

"मोठा मी हाय, आधी मीच बोलणार!"

"लहानानं आधी बोलायचं असतं, दाजी!"

"भांडा, लई भांडा," सिंधू हसत म्हणाली. "मी तवर माझ्या साड्या भरते."