शेवाळाचा मांडव

पाणी कसं स्वच्छ ठेवायचं, हे मला कुणी शिकवू नये! चिंचवडच्या कारखान्यात मी उभी नोकरी कूलिंग टॉवरवर काढली. तिथे शेवाळ दिसलं की औषधाचा डबा ओतायचा, दुसऱ्या दिवशी पाणी लख्ख. पुढे कारखान्याने व्हीआरएस दिली, तेव्हा बिबवेवाडीत रो-हाऊस घेतलं आणि मागच्या अंगणात माशांसाठी तळं बांधलं. कंबरभर खोल, आत केशरी मासे. कूलिंग टॉवरमध्ये मासे नसतात, हा बारीकसा फरक माझ्या जरा उशिरा लक्षात आला. औषध घालावं तर मासे मरणार, न घालावं तर शेवाळ वाढणार. भाद्रपदातल्या उन्हात ते इतकं माजलं की तळ्यात मासे आहेत, असं म्हणणारा घरात मी एकटाच उरलो.

"रविवारपर्यंत मला मासे दिसले नाहीत," माझी बायको शालू पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तर सोमवारी मातीचा ट्रक येईल. तिथे कढीपत्ता छान येईल."

शालू अशी शांतपणे बोलली की ट्रकवाल्याशी बोलणं झालेलं असतं. ते मासे मी अगदी नखाएवढे असताना आणले होते हो!

मी डोकं लढवलं. शेवाळाला ऊन लागतं. ऊनच तोडलं तर? पण ताडपत्री थेट पाण्यावर अंथरली तर मासे गुदमरणार. म्हणजे उंचावर छप्पर हवं आणि चारी बाजूंनी जाड पडदे हवेत. अशी वस्तू तयार मिळते, फक्त मागायला धीर लागतो. मी मकबूलभाई मांडववाल्यांकडे गेलो.

"पितृपक्षात मांडव?" मकबूलभाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. या पंधरवड्यात त्यांचे बांबू नुसते पडून असतात. "कार्य काय आहे, साहेब?"

"शेवाळ मारायचंय."

"अच्छा. पाहुणे किती?"

"पाहुणे नाहीत. मासे आहेत."

"जेवणात?"

"नाही हो, तळ्यात."

त्यांनी चष्मा परत लावला आणि बांबू मोजायला घेतले. पुण्यात धंदा करायचा तर गिऱ्हाईकाला फार विचारून चालत नाही.

मांडव झकास झाला. आत भरदिवसा काळोख! पण कमानीशिवाय मांडव उभारणं मकबूलभाईंच्या हातून होईना. मागच्या गल्लीकडे तोंड करून त्यांनी प्लॅस्टिकच्या झेंडूची कमान लावली, खुर्च्यांची चळत ठेवली आणि तळ्याच्या थेट कडेपर्यंत हिरवंगार मॅटिंग अंथरलं. "चिखलात उभं राहून मासे बघू नका," ते म्हणाले. भला माणूस.

शेजारच्या इंदुबाईंनी मला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. त्यांनी आपलं आपणच ठरवलं. घरात लग्नाची मुलगी, दारात मांडव, तोही पितृपक्षात. म्हणजे नवरात्रापर्यंत थांबायलाही सवड नाही. म्हणजे मुलगा अमेरिकेचा असणार आणि व्हिसाची घाई असणार. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्याला टेक्ससमध्ये नोकरीही लावून दिली.

दुसऱ्या दिवशी वाण्याने माझं अभिनंदन केलं. इस्त्रीवाल्याने केलं. मला वाटलं, माझ्या प्रयोगाची कीर्ती पसरली. मी सगळ्यांना विनयाने नमस्कार केले आणि "रविवारी बघायला या" म्हणालो.

आमची लेक नम्रता आयटीत. ती तेव्हा ट्रेनिंगसाठी बंगळूरला होती. तिच्या ऑफिसातला एक मुलगा तिची सीडी परत द्यायला आला, कमान बघून थबकला, इंदुबाईंकडून टेक्ससपर्यंत सगळं ऐकून घेतलं आणि सीडी न देताच निघून गेला. हे मला नंतर कळलं. मी त्या वेळी मांडवात बसून माशांना धीर देत होतो.

रविवारी सकाळी मागच्या गल्लीत रिक्षा थांबली. आतून उतरली नम्रता, रडून डोळे लाल झालेली. मागोमाग तो मुलगा. आणि त्याच्यामागे सफारीतले एक धिप्पाड गृहस्थ, हातात संत्रा बर्फीचा खोका.

"बाबा, तुम्ही मला न विचारता माझं लग्न ठरवलंत?"

"तुझं? कुणाशी?"

"त्या टेक्ससच्या मुलाशी!"

"अगं, टेक्ससमध्ये आपलं कोण आहे?" मी शालूला विचारलं.

"हा अभिनव," नम्रता म्हणाली. "मी लग्न केलं तर याच्याशीच करीन. हे त्याचे बाबा, रामदासजी. रात्रभर प्रवास करून अमरावतीहून आलेत."

अभिनव हे नाव मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शालूला मात्र जराही आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"उन्हात कायले उभं राहायचं जी," रामदासजी म्हणाले. "आत बसून बोलू." आणि पडदा सारून ते मांडवात शिरले.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. अंधारात मरू लागलेलं शेवाळ तळापासून सुटून वर आलं होतं आणि पाण्यावर जाड थर होऊन पसरलं होतं. आत काळोख, मॅटिंग हिरवं, तळं हिरवं. मी "अहो, थांबा" म्हणालो तेव्हा ते मॅटिंग संपवून पुढे गेले होते.

धप्प!

मी पडदा ओढून बाजूला केला. रामदासजी कंबरभर पाण्यात उभे होते आणि बर्फीचा खोका त्यांनी डोक्यावर कोरडा धरला होता. अभिनवने आणि मी त्यांना वर ओढलं. त्यांच्याबरोबर शेवाळही आलं, सगळं, एका तुकड्यात, गोधडीसारखं त्यांच्या अंगाला लपेटून. मी पाण्यात डोकावलो. तळ दिसत होता!

"शालू, मासे! मासे दिसले! आज रविवारच आहे!"

नम्रताने डोळे मिटून घेतले.

"मले वाटलं सतरंजी आहे," रामदासजी म्हणाले.

आंघोळ करून, माझी कारखान्यातली जुनी डांगरी घालून ते चहाला बसले. डांगरी त्यांच्या पोटरीपर्यंतच येत होती. माझं सगळं स्पष्टीकरण त्यांनी ऐकून घेतलं आणि कप खाली ठेवला. आता हे उठून जाणार, पोरीचं सुख मी शेवाळात घालवलं, असं वाटून मी त्यांचीच बर्फी त्यांच्यापुढे सरकवली.

"आंघोळ तुमच्याकडे झाली, कपडे तुमचे घातले," ते शेवटी म्हणाले. "आता पोरगी तेवढी द्या, म्हणजे झालं."

"दिली," शालू म्हणाली. "पण साखरपुडा नवरात्रात. पितृपक्षात आमच्याकडे फक्त शेवाळाचं कार्य असतं."

ट्रक आला नाही. मासे वाचले, मांडव तसाच राहिला आणि मकबूलभाईंनी कमानीवर खरी फुलं चढवली.

यंदा तळं पुन्हा हिरवं झालंय. मी व्याह्यांना अगत्याने फोन केला, चार दिवस पुण्याला या म्हणून.

"येतो ना," ते म्हणाले. "पहिले पाण्याचा रंग सांगा, मग तिकीट काढतो."